जनावर कोंडवाड्यात गेलं तर: सोडवण्याचा क्रम आणि हमखास चुकणाऱ्या जागा

कोंडवाडा म्हणजे मोकाट किंवा पिकात शिरलेली जनावरं पकडून ठेवण्याची जागा. तिथून जनावर सोडवणं खरं तर अर्ध्या दिवसाचं काम. लोकांना चार-पाच दिवस लागतात, कारण क्रम उलटा होतो. आधी भांडण, मग कुणाची ओळख निघते का ते बघणं, मग पैशांची जुळवाजुळव आणि सगळ्यात शेवटी कागद. तोवर खुराकीचा (कोंडवाड्यातल्या चारा-पाण्याच्या खर्चाचा) आकडा रोज वाढतो, आणि दुभतं जनावर असेल तर त्याची कास दगडासारखी होते.

आमच्या शेजारच्या काकांची गाय एकदा अशीच पकडून नेली होती. मी सोबत गेलो. कारकुनानं विचारलं, "कशी आहे?" काका म्हणाले, "पांढरी. कपाळावर जरा तांबूस." आत अकरा गाई होत्या. त्यातल्या सात पांढऱ्या, आणि त्या सातांतल्या तिघींची कपाळं तांबूस. काकांना बघून गाय हंबरत होती, दोरी ताणत होती. पण हंबरणं काही रजिस्टरला चिकटवता येत नाही. कानात टॅग होता, तो निघाला आधीच्या मालकाच्या नावावर. तेवढ्या एका गोष्टीपायी दोन दिवस गेले आणि दोन दिवसांची खुराकी भरावी लागली.

म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा जनावर सुटण्याआधीच्या तयारीला दिली आहे. लेख महाराष्ट्रातल्या पशुपालकांसाठी आहे. उदाहरणं गाई-बैल-म्हशींची आहेत, पण शेळ्या-मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं यांनाही कोंडवाडा लागू होतो. १८७१ च्या पशु अतिक्रमण कायद्यातल्या 'गुरं' या शब्दात तर हत्ती आणि उंटही बसतात.

## सुरुवातीला एवढं बघा: कोंडवाडा कोणाचा?

गावात तो ग्रामपंचायतीचा असतो. शहरात नगरपंचायतीचा, नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. प्रत्येकाचा कायदा वेगळा, दंडाचा आणि खुराकीचा दर वेगळा, मुदतीही वेगळ्या असू शकतात. साचा बहुतेक ठिकाणी १८७१ च्या त्याच जुन्या कायद्याचा दिसतो, म्हणून पुढे मुदती सांगताना मी तोच धरला आहे. दर मात्र पाहुण्यानं सांगितलेला धरू नका. त्या कायद्याप्रमाणे दंडाचा आणि खुराकीचा तक्ता कोंडवाड्याजवळ सहज दिसेल असा लावायचा असतो. तक्ता नसेल तर दर कोणत्या ठरावानं ठरला ते कार्यालयात विचारा. विचारायला लाजू नका. तुमचेच पैसे जाणार आहेत.

शहरात गोठा असेल तर आणखी एक गोष्ट. नागरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६ चा कायदा आहे. तो लागू असलेल्या भागात गुरं पाळायला परवाना लागतो. विनापरवाना गोठ्यातली म्हैस सोडवायला गेलात, तर चौकशी म्हशीपाशी थांबत नाही, गोठ्यापर्यंत येते. परवाना असेल तर त्याची प्रत फाइलमध्ये पहिली ठेवा. नसेल तर म्हैस दावणीला आहे तोवरच त्याच्या मागे लागा.

## टप्पा १: जनावर दावणीला असतानाच

कानातला टॅग. बारा आकडी क्रमांकाचा पिवळा टॅग पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत मारला जातो आणि 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्या क्रमांकापुढे जनावराची आणि मालकाची नोंद होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातले उपचार यांवर बंधनं आली, त्यामुळे टॅग नसलेलं जनावर आता क्वचितच दिसतं. अडचण टॅग नसण्याची नाही. अडचण आहे टॅग असूनही तो आपल्या नावावर नसण्याची.

बाजारातून गाय आणली, दोर हातात आला, व्यवहार संपला असं आपण धरतो. प्रणालीत ती अजून आधीच्याच मालकाची असते, मोबाइल नंबरही त्याचाच. उद्या कोंडवाड्यातून किंवा पोलीस ठाण्यातून फोन गेला तर तो त्याला जाईल, आणि त्यानं "मी कधीच विकली" म्हणून ठेवून दिला तर तुम्हाला काही कळणारही नाही. जनावर आणल्यावर त्याच आठवड्यात खरेदीची पावती आणि टॅगचा क्रमांक घेऊन दवाखान्यात जा आणि मालक बदलून घ्या. स्वतःचा मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही कळवा. हे मात्र कुणालाच आठवत नाही.

टॅग झुडपात अडकून, कान फाटून पडतो. पडला की नवा मारून घ्या आणि जुन्या क्रमांकाची नोंद नव्याला जोडून घ्या. नुसता नवा टॅग मारून आलात तर त्या जनावराचं लसीकरण आणि विमा जुन्या क्रमांकावरच राहतो.

फोटो. आपल्या फोनमध्ये जनावराचे फोटो असतात ते पोळ्याचे. झूल, बाशिंग, शिंगांना रंग. त्यात बैल ओळखूच येत नाही. ओळखीसाठी हे काढा: दोन्ही बाजूंनी पूर्ण अंग, समोरून तोंड आणि शिंगं, मागून शेपटीच्या गोंड्यासह, टॅगचा जवळून फोटो (बाराही आकडे वाचता आले पाहिजेत), डाग, भोवरा, जुनी जखम, कापलेला कान असं जे काही वेगळं असेल ते. दुभत्या जनावराची कासही. नाकाच्या शेंड्यावरची नक्षी माणसाच्या बोटाच्या ठशासारखी प्रत्येक जनावराची वेगळी असते. नाक कोरड्या फडक्यानं पुसून जवळून एक फोटो घ्या. सकाळच्या उजेडात हे सगळं पाच मिनिटांत होतं. कालवडीचे आणि गोऱ्ह्याचे फोटो दर सहा महिन्यांनी पुन्हा काढा, कारण शिंगं आणि रंग दोन्ही बदलतात.

फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नका. घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. कोंडवाड्याच्या दारात फोन बंद पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

कागद. एक प्लॅस्टिकची पिशवी करा: खरेदीची पावती, विमा असेल तर त्याची प्रत, लसीकरणाची नोंद, टॅग क्रमांकांची यादी, तुमच्या आधारची प्रत. घरच्या गाईला झालेलं वासरू असेल तर खरेदीची पावती नसणारच. अशा वेळी दवाखान्यातली रेतनाची आणि विण्याची नोंद पावतीच्या जागी कामाला येते.

दावं आणि वेळ. जनावर कधी सुटतं ते थोडंफार आधी कळतं. माजावर आलेली गाय दावं तोडते, आणि माज साधारण २१ दिवसांनी परत येतो. कॅलेंडरवर खूण करा आणि त्या रात्री दोर दुहेरी बांधा. नायलॉनचा दोर खुंट्याशी घासून आतून विरतो. वरून चांगला दिसतो आणि एका झटक्यात तुटतो. महिन्यातून एकदा तो पिळून उलगडून बघा. नवं आणलेलं जनावर पहिले आठ-दहा दिवस मोकळं चरायला सोडू नका. सवयीनं कुंपण ओलांडणाऱ्याला गळ्यात लोढणं घालायची जुनी रीत आहे, पण ते हलकं हवं आणि गुडघ्यावर आपटणार नाही इतक्या उंचीवर. रस्त्याकडेला गोठा असेल तर गळ्यात चमकणारा पट्टा घाला. रात्री काळी म्हैस डांबरावर दिसत नाही.

तपासा: आत्ता या क्षणी तुमच्या प्रत्येक जनावराचा टॅग क्रमांक जागेवर न जाता सांगता येतो का? येत नसेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: सुटल्याचं कळलं, पहिले काही तास

आधी जवळची पिकं आणि पाणवठा बघा. मग बाकीच्यांचे कळप. नुकतं विकत आणलेलं असेल तर थेट जुन्या मालकाला फोन करा. जनावर दहा-पंधरा किलोमीटर चालत जुन्या गोठ्याच्या दारात जाऊन उभं राहिल्याच्या गोष्टी खऱ्या असतात.

दोन तासांत सापडलं नाही तर पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला कळवा, टॅग क्रमांक आणि फोटोसकट. फोनवर कळवलं तरी त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या. ही पोच पुढे दोन ठिकाणी कामाला येते: जनावर चोरीला गेलं असेल तर, आणि तुम्ही मुद्दाम मोकाट सोडता असा आरोप आला तर. महामार्गावर फिरताना दिसलं तर ११२ ला कळवा. अपघात झाल्यावर कळवण्यापेक्षा ते बरं. रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण होऊ दिला, जनावराबाबत निष्काळजीपणा केला, तर मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ आणि २९१ खाली कारवाई होऊ शकते.

मग कोंडवाडा. इथे एक चूक जवळपास प्रत्येकाची होते. कोंडवाड्यात चौकशी केली, "नाही आलं" म्हणाले, परत आलो, विषय संपला. १८७१ च्या कायद्यानं पकडणाऱ्याला जनावर कोंडवाड्यात पोचवायला २४ तास दिले आहेत. सकाळी पकडलेली म्हैस दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्यात आली तरी ते नियमात बसतं. दुसऱ्या दिवशी परत जा. शहरात एकापेक्षा जास्त कोंडवाडे असतात, आणि काही संस्था पकडलेली जनावरं गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवतात. सगळी ठिकाणं विचारून घ्या.

इशारा: कुणी जनावर हाकत कोंडवाड्याकडे नेताना दिसलं तर दोर हिसकावू नका. पकडलेलं जनावर जबरदस्तीनं सोडवणं हा वेगळा गुन्हा आहे. मूळ कायद्यानंच त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. जनावर तुमचं असलं तरी. रात्री कोंडवाड्याचं फाटक उघडून गाय काढून नेली तरी प्रकरण तिथंच जातं. पकडणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्यासोबत चालत जा, बोला, नुकसान बघायला त्याच्या शेतात जा. वाटेत तडजोड झाली तर दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहून घ्या: किती नुकसान, किती दिले, पुढे तक्रार नाही. तोंडी तडजोड पुढच्या हंगामात कुणाला आठवत नाही.

## टप्पा ३: कोंडवाड्याच्या दारात

जाताना कागदांची पिशवी, फोटो, रोख पैसे, दोर आणि सोबत एक माणूस न्या. माणूस ओळख पटवायला आणि जनावर धरायला. ओळख पटवणारा पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत सदस्य असेल तर उत्तम, नाहीतर शेजारी चालतो.

पोचल्यावर आधी जनावर बघा, मग रजिस्टर. रजिस्टरमध्ये चार गोष्टी असायला हव्यात: किती आणि कशी जनावरं, कोणत्या दिवशी किती वाजता आणली, पकडणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि माहीत असल्यास मालकाचं नाव-पत्ता. यातली वेळ तुमच्या पैशांशी थेट जोडलेली आहे, कारण खुराकी दिवसांवर मोजतात. रात्री साडेअकराला आणलेल्या जनावराचा तो अर्धा तास पूर्ण दिवस धरला आहे का, ते विचारा. नोंद चुकली असेल तर हातघाईवर येऊ नका. "नोंदीतली वेळ मला मान्य नाही" असं अर्जात लिहा.

अर्ज हवा. बहुतेक ठिकाणी छापील नमुना नसतो आणि लोक तोंडी बोलून मोकळे होतात. इतका पुरतो:

*मी (नाव, राहणार) अर्ज करतो की, माझी (वर्णन) गाय, टॅग क्रमांक (बारा आकडे), दिनांक (…) रोजी आपल्या कोंडवाड्यात दाखल झालेली आहे. सदर गाय माझ्या मालकीची असून पुराव्यादाखल (कागदांची यादी) जोडली आहे. नियमाप्रमाणे दंड व खुराकी भरून घेऊन गाय माझ्या ताब्यात द्यावी. सदर भरणा मी हरकत राखून करीत आहे.*

शेवटचं वाक्य फक्त पकडणं चुकीचं वाटत असेल तरच लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

तपासा: तुमचं जनावर गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून ठेवलं आहे का? वाहनात कोंबून नेताना पकडलं, निर्दयतेची किंवा प्राणी रक्षणाची कलमं लागली, असं असेल तर दंड भरून ते सुटत नाही. तिथे न्यायालयाचा आदेश लागतो आणि वकील लागतो. कारकुनाशी घासाघीस करण्यात दिवस घालवू नका.

## टप्पा ४: पैसे आधी, वाद नंतर

लोकांना हे पटत नाही, तरी सांगतो. "पकडणंच चुकीचं होतं, मी एक रुपया देणार नाही" असं म्हणून निघून येणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. पैसे भरायला नकार दिला तर कोंडवाडा चालवणारी संस्था जनावरं विकून दंड आणि खर्च वसूल करू शकते. आणि तुम्ही तत्त्वासाठी भांडत असता त्या प्रत्येक दिवसाची खुराकी तुमच्याच नावावर चढते.

कायद्यात यावर सरळ वाट आहे. पकडणं मान्य नसेल तरी दंड आणि खर्चाची रक्कम जमा करा, जनावर ताब्यात घ्या आणि मग तक्रार करा. रक्कम जमा केली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. अर्जातलं "हरकत राखून" हेच सांगतं.

तक्रार दंडाधिकाऱ्याकडे करायची. तोंडीही करता येते, ते लिहून घेतात. मुदत दहा दिवसांची, आणि ती मोजायची जनावर पकडल्याच्या तारखेपासून. तुम्ही सोडवल्याच्या नव्हे. सहाव्या दिवशी जनावर सोडवणाऱ्याकडे चारच दिवस उरतात.

तक्रार करावी की नाही? माझं मत स्पष्ट आहे. १८७१ च्या कायद्यानं बेकायदा पकडीबद्दल जास्तीत जास्त शंभर रुपये भरपाई ठेवली, शिवाय भरलेला दंड आणि सोडवण्याचा खर्च परत. त्या काळी शंभर रुपये रक्कम होती. आज दोन फेऱ्यांचं बसभाडं त्याहून जास्त होतं. एक-दोन जनावरांच्या दंडासाठी तारखा घालणं परवडत नाही. पण कुणी हेवेदाव्यातून पुनःपुन्हा तुमची जनावरं तुमच्याच बांधावरून हाकून नेत असेल तर तक्रार जरूर करा. पैशासाठी नव्हे, नोंद व्हावी म्हणून.

इशारा: पावतीशिवाय पैसे देऊ नका. पावतीवर दंड वेगळा, खुराकी वेगळी आणि दिवसांची संख्या लिहून घ्या. "पावती उद्या मिळेल" असं ऐकलं तर गाय आज आणि पावतीही आज, असं शांतपणे सांगा.

## टप्पा ५: ताब्यात घेताना आणि घरी आणल्यावर

रजिस्टरवर सही शेवटी करायची. आधी दोर तुमच्या हातात, जनावर उजेडात.

पायांपासून सुरुवात करा. खुरांच्या बेचक्यात काच, तार, जखम आहे का. चार पावलं चालवून लंगडतं का बघा. मग तोंड: लाळ गळते का, जिभेवर फोड आहेत का. कातडीवर गाठी. टॅग जागेवर आहे का. काही आढळलं तर फाटकातून बाहेर पडण्याआधी फोटो काढा आणि रजिस्टरमध्ये सहीजवळच तसं लिहा. घरी आल्यावर सापडलेली जखम कोंडवाड्यातली होती हे सिद्ध करता येत नाही.

दुभत्या जनावराची कास तिथंच बघा. दोन धारा चुकल्या की सड ताठ होतात, हात लावू देत नाहीत. कोंडवाड्यात धार काढू देत असतील तर काढूनच निघा, नाहीतर घरी आल्याबरोबर. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. दूध गुठळ्यांचं, पाणचट किंवा लालसर आलं तर कासदाह सुरू झाला आहे. सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. एक सड बसला की तो सहसा पूर्ववत होत नाही. त्यापुढे कोंडवाड्याचा दंड किरकोळ वाटतो.

घरी आणलं की माणसाच्या मनात दया येते आणि आपण पाटीभर पेंड पुढे ठेवतो. हे करू नका. दोन-तीन दिवस अर्धपोटी राहिलेल्या जनावरानं एकदम पेंड-धान्य खाल्लं की पोटात आम्लता होते आणि पोट फुगतं. पाणी थोडं थोडं, आधी कोरडी वैरण, खुराक दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

आणि त्याला लगेच दावणीला बाकीच्यांशेजारी बांधू नका. कोंडवाड्यात कुठकुठची जनावरं एकत्र असतात. लाळ्या-खुरकुताची लागण दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, लम्पीसाठी २८ दिवसांपर्यंत धरतात. तितके दिवस वेगळा खुंटा, वेगळी बादली, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी.

वाहनातून आणणार असाल तर कोंडवाड्याची पावती आणि टॅग क्रमांक चालकाजवळ ठेवा आणि दिवसा आणा. रात्री टेम्पोतला बैल आणि हातात कागद नाही, हा प्रसंग ओढवून घेण्याची गरज नाही.

## टप्पा ६: उशीर झाला असेल तर

१८७१ च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत मालक आला नाही तर कोंडवाड्याकडून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलं जातं. तिथे जनावराच्या वर्णनाची नोटीस लागते, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी दिली जाते. नोटिशीनंतर आणखी सात दिवस वाट बघून जाहीर लिलाव. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची मुदत याहून कमी असू शकते, म्हणून कोंडवाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकाल तेव्हाच "लिलावाची तारीख कोणती?" हा प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या.

पैसे जुळत नसतील तर गप्प राहू नका. मालकीचा अर्ज देऊन पोच घ्या. मालक पुढे आला आहे याची नोंद झाली की 'बेवारस' हा शिक्का बसायला अडचण होते.

लिलाव झालाच असेल, तर दंड, खुराकी आणि विक्रीचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची असते. ती मागण्यालाही मुदत आहे. मूळ कायद्यात तीन महिने. विक्रीचा हिशेब लेखी मागा. कोंडवाड्याच्या कर्मचाऱ्यांना त्या लिलावात जनावर विकत घ्यायला बंदी आहे. स्वतःसाठी नाही, दुसऱ्याच्या नावानंही नाही. घेणाऱ्याचं नाव बघून ठेवा.

## आणि पीक तुमचं खाल्लं असेल तर

वरचं सगळं वाचून शेतकरी म्हणेल, माझं काय? तुमच्याही बाजूनं चुका ठरलेल्या असतात.

जनावर शेतात दिसलं की आधी फोटो काढा, मग हाका. पिकात उभं असलेलं जनावर, त्याचा टॅग, खाल्लेला पट्टा, खुरांचे ठसे. हाकलून दिल्यावर उरते ती फक्त तुमची तोंडी गोष्ट. शेत कसणाऱ्याला किंवा ताबा असणाऱ्याला असं जनावर पकडता येतं. पण ते आत येऊन नुकसान करत असायला हवं. बांधावर चरणारं किंवा शेजारच्या पडीक रानातलं ओढून आणलेलं नव्हे.

पकडल्यावर २४ तासांत कोंडवाड्यात. सगळ्यात जास्त इथंच फसतात. "नुकसान भरून दे, मग गाय ने" म्हणून लोक ती आपल्या गोठ्यात चार दिवस बांधून ठेवतात. मग बेकायदा अडवून ठेवल्याची तक्रार होते आणि पीक खाल्लं गेलेला माणूस आरोपीच्या जागी उभा राहतो. ठेवाल तेवढा वेळ चारा-पाणी द्या. काठीनं पाय मोडला, कुऱ्हाड फेकली, पिकावर विष टाकून ठेवलं, तर ते न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जातं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कोंडवाड्यात जनावर दिल्यावर रजिस्टरच्या नोंदीची प्रत मागा. पकडणाऱ्याला ती मिळते.

दुसरा गैरसमज पैशांचा. मालक कोंडवाड्यात जो दंड भरतो तो तुम्हाला मिळत नाही. ती तुमची भरपाई नव्हे. भरपाई वेगळी मागावी लागते, तडजोडीनं किंवा दिवाणी दाव्यानं. तिच्यासाठी लागतो पंचनामा: किती गुंठे, कोणतं पीक, किती दिवसांचं, पूर्ण खाल्लं की तुडवलं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहाय्यक (आता सहाय्यक कृषी अधिकारी), पोलीस पाटील यांच्यापैकी जो लवकर येईल त्याच्यासमोर, दोन पंचांच्या सह्यांनी, शक्यतो त्याच दिवशी करून घ्या. पाऊस झाला की ठसे जातात, आणि आठ दिवसांत खाल्लेला हरभरा पुन्हा फुटतो.

पंचनाम्याआधी सातबारा उघडून ई-पीक पाहणीची नोंद बघा. शेतात कांदा आणि नोंदीत सोयाबीन असं असेल, तर समोरच्याचा वकील तिथूनच सुरुवात करील. नोंद चुकली असेल आणि दुरुस्तीची मुदत उरली असेल तर आधी ती करून घ्या. रानडुकरं किंवा रोही (नीलगाय) यांनी केलेलं नुकसान मात्र या वाटेनं जात नाही; त्याचा अर्ज वन विभागाकडे.